शाळेला ऐकणारा माणूस हवा

सकाळी सातच्या सुमारास नाशिकमधील कोणत्याही मोठ्या माध्यमिक शाळेच्या फाटकाशी थोडा वेळ उभे राहावे. एकाच रंगाच्या गणवेशात आत शिरणारी मुले किती निरनिराळ्या घरांतून आलेली असतात, हे सहज ध्यानात येते. कोणी निफाड-दिंडोरीकडून एस.टी.ने आलेला असतो आणि अवकाळी पावसाने बागेचे काय झाले, ही घरातील चिंता त्याच्याबरोबर वर्गात येते. कोणाचे वडील सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळ्यांत काम करतात. बापलेकांची गाठ पडते ती रविवारीच. कोणाचे कुटुंब जळगाव-धुळ्याकडून येऊन सिडकोत स्थिरावले आहे आणि आजी-आजोबा गावीच राहिले आहेत. कोणी शिक्षणासाठी मामाकडे ठेवलेला आहे. ही सारी मुले साधारणपणे हसत-खेळत शिकतात, हे समाजाच्या प्रकृतीचे सुलक्षणच होय.

पण त्यांच्यातला एखादा नववी-दहावीतला मुलगा अचानक गप्प होतो. गृहपाठ थांबतो, डबा तसाच परत जातो, पहिल्या रांगेतून तो शेवटच्या रांगेत सरकतो. मग जे घडते ते ठरलेले असते. वर्गशिक्षक प्रगतिपुस्तकात 'लक्ष नाही' असा शेरा मारतात. पालकांना बोलावणे जाते. वडील अर्धी रजा टाकून येतात आणि शिक्षकांच्या देखत मुलाला चार शब्द सुनावतात. घरी मोबाइल काढून घेतला जातो, एका क्लासची भर पडते, एखादे काका येऊन 'आमच्या वेळी' या शब्दांनी सुरू होणारे व्याख्यान देऊन जातात. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. परंतु या साऱ्या धावपळीत एक गोष्ट राहून जाते. 'तुला काय झाले आहे?' असे त्याला शांतपणे, एकट्याला बसवून, उत्तराची वाट पाहण्याच्या तयारीने कोणी विचारलेले नसते.

हे विचारणारा माणूस शाळेतच असावा, असे आता देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. २५ जुलै २०२५ रोजी न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने आंध्र प्रदेशातील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या आणि योग्य तो कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक राहतील, असे स्पष्ट केले. शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत बालक व किशोरांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावे. परीक्षेच्या आणि शैक्षणिक स्थित्यंतराच्या काळात मुलांच्या छोट्या गटांना स्वतंत्र मार्गदर्शक द्यावा, अशा त्यातील काही सूचना आहेत.

न्यायालयाने या निकालात ज्या आकड्यांचा आधार घेतला, ते विचार करायला लावणारे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक, म्हणजे १,७६४, महाराष्ट्रातील होत्या. ज्ञानेश्वर-तुकोबांच्या आणि फुले-कर्व्यांच्या या प्रांताला हा पहिला क्रमांक भूषणावह नाही. त्याच अहवालात परीक्षेतील अपयश हे कारण २,२४८ मृत्यूंपुढे नोंदलेले आहे. म्हणजे विद्यार्थ्यांच्या एकूण आकड्याशी ताडून पाहिले तर सहाव्या हिश्श्याच्या आसपास. उरलेल्या मुलांचे दुःख परीक्षेच्या बाहेरचे होते. घरातील कलह, आजार, जिव्हाळ्याच्या माणसाशी झालेली ताटातूट, अपमान, एकटेपण. फेब्रुवारी उजाडला की सभागृहात मुलांना एकत्र बसवून 'परीक्षेचा ताण कसा टाळावा' हे व्याख्यान ठेवायचे आणि कर्तव्य पार पडले म्हणायचे, ही आपल्या शाळांची रीत म्हणूनच तोकडी पडते. २०१० च्या जानेवारीत महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या लागोपाठ येऊ लागल्या, तेव्हाही चर्चा झाली ती एका हिंदी चित्रपटाची आणि गुणांच्या स्पर्धेची. काही आठवड्यांनी तीही थांबली.

समुपदेशन म्हटले की अनेक घरांत अजूनही दचकायला होते. 'आमचा मुलगा काही वेडा नाही,' हे वाक्य मुख्याध्यापकांना नवे नाही. या दचकण्यामागे एक गैरसमज आहे. मनोविकारावरील उपचार आणि शाळेतील अल्पकालीन व्यक्तिगत समुपदेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला डॉक्टर लागतो, औषध लागू शकते, महिने-वर्षे लागू शकतात. दुसऱ्याचा पसारा चार ते सहा भेटींचा असतो. प्रत्येक भेट साधारण एका तासिकेएवढी. पहिल्या भेटीत मूल बोलते आणि समुपदेशक ऐकतो. अडचण मुलाच्याच शब्दांत मांडून घेतली जाते, कारण 'अभ्यासात लक्ष नाही' ही अडचण शिक्षकांची असते. मुलाची अडचण कदाचित 'मागच्या बाकावरचा मला रोज चिडवतो' ही असते. मग अनेक अडचणींतून एकच, हाती घेण्याजोगी, निवडायची. तिच्यावर काय काय करता येईल याचे पर्याय मुलाकडूनच काढायचे, एक निवडून आठवडाभर करून पाहायचा, आणि पुढच्या भेटीत काय जमले, काय फसले ते बोलायचे. मुलाला शून्य ते दहा या मापावर स्वतःला कुठे ठेवतोस, असे विचारतात. 'तीन' असे उत्तर आले तर समुपदेशक विचारतो, 'दोन का नाही?' या साध्या प्रश्नाने मुलाला स्वतःची शिल्लक राहिलेली ताकद दिसते.

अमेरिकेत मिलवॉकी येथे स्टीव्ह डी शेझर व इन्सू किम बर्ग या दांपत्याने १९८० च्या दशकात या प्रकारची उत्तराभिमुख पद्धत विकसित केली. महाराष्ट्रात विवेकनिष्ठ मानसोपचाराची अल्बर्ट एलिसप्रणीत पद्धत कि. मो. फडके यांनी आयुष्य वेचून रुजवली. 'मला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत' यातील 'च' काढून 'मिळाले तर मला आवडेल' इथवर माणसाला आणणारी ही पद्धत शाळकरी मुलालाही समजते. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या मानसिक आरोग्याच्या संस्थेने हा विषय मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणला. तेव्हा समुपदेशन ही काही काल विमानाने उतरलेली वस्तू नव्हे.

इतक्या थोड्या भेटींनी खरोखर काही होते का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे एक उत्तर आपल्याच देशातून मिळते. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने दिल्लीतील सरकारी शाळांत एक शास्त्रीय चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. २५१ किशोरवयीन मुलामुलींपैकी निम्म्यांच्या सुमारास मुलांना तीन आठवड्यांत चार-पाच छोट्या भेटींतून समस्या सोडविण्याची रीत शिकवली गेली आणि इतरांना केवळ त्याच विषयाच्या पुस्तिका दिल्या गेल्या. भेटी घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. थोड्या मुदतीचे प्रशिक्षण घेतलेले सामान्य पदवीधर होते. सहा आठवड्यांनी पाहिले तेव्हा मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींचा भार भेटी झालेल्या गटात लक्षणीयरीत्या अधिक उतरला होता. मानसिक लक्षणांच्या सर्वसाधारण मोजपट्टीवर मात्र तेव्हा दोन्ही गटांत तसा फरक दिसला नाही. हा दुसरा निष्कर्षही तितकाच मोलाचा आहे. चार-पाच भेटी म्हणजे रामबाण नव्हे. ज्या मुलाला खरा आजार आहे त्याला त्या पुरणार नाहीत, पण वाट अडलेल्या मुलाची वाट त्या मोकळी करू शकतात. आणि शाळेत अशीच मुले अधिक असतात.

येथे संस्थाचालकांना एक सोपा मार्ग खुणावतो: एखाद्या शिक्षकाकडेच अतिरिक्त कार्यभार म्हणून समुपदेशन सोपवावे, दारावर पाटी लावावी आणि तपासणीच्या वेळी कागद दाखवावा. या मोहापासून संस्थांनी सावध राहिले पाहिजे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७० हून अधिक शाळांत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकच कार्यक्रम काही शाळांत बाहेरून आलेल्या प्रशिक्षित समुपदेशकाकडे आणि काही शाळांत तिथल्याच शिक्षकाकडे दिला गेला. व्यक्तिगत समुपदेशन हा त्या कार्यक्रमाचा एक भाग होता. पहिल्या प्रकारच्या शाळांत वातावरण सुधारले, मुलांमधील उदासी आणि दांडगाई घटली. शिक्षकांकडे काम होते तेथे असा परिणाम आढळला नाही. यात शिक्षकांचा कमीपणा नाही. जो माणूस गुण देतो, हजेरी घेतो आणि पालकांना बोलावतो, त्याच्यापाशी मूल मन कसे उघडील? शिवाय निवडणुकीपासून शालेय पोषण आहारापर्यंतची कामे ज्यांच्या माथी आहेत, त्या गुरुजींनी हे आणखी एक ओझे कधी पेलावे, हेही कोणी सांगत नाही.

संघविचारांच्या परिवारांतून आणि संस्थांतून या विषयावर एक वेगळा आक्षेप येतो. तो गांभीर्याने घेतला पाहिजे. आक्षेप असा, की घर, आजी-आजोबा, मैदान आणि संस्कार ज्याच्या वाट्याला आले त्या मुलाला परक्या माणसापुढे मन मोकळे करण्याची गरजच पडू नये. समुपदेशक ही एकाकी पाश्चात्त्य समाजाची निकड आहे. संस्कार कमी पडले तर ते वाढवावेत. यात तथ्याचा अंश निश्चित आहे. मैदानावर घाम गाळणारे आणि सवंगड्यांत रमणारे मूल सहसा एकटे पडत नाही. परंतु 'संस्कार कमी पडले' हे वाक्य एखाद्या दुःखी मुलाच्या आईवडिलांच्या तोंडावर फेकले जाते, तेव्हा ते निदान राहत नाही, तो आरोप होतो. उत्तम संस्कारांच्या घरातील मुलालाही ताप येतो. मन हे काही शरीराहून निराळ्या धातूचे घडलेले नाही. उलट सुसंस्कृत घरातील मूल 'आईबाबांना त्रास नको' म्हणून अधिक काळ गप्प राहते, असा कोणाही जाणत्या शिक्षकाचा अनुभव असतो.

परंपरेकडे पाहायचे तर श्रीमद्भगवद्गीतेकडेच पाहावे. गीता ही समुपदेशनाची पाठ्यपुस्तिका नव्हे, आणि तिला तशी करून टाकण्याची हल्लीची हौस बरी नव्हे. तरीही तिची रचना डोळ्यांपुढे आणण्यासारखी आहे. पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. त्यात भगवंत जवळजवळ बोलतच नाहीत. अर्जुन बोलतो, अंगाला कंप सुटल्याचे सांगतो, गांडीव हातातून गळते. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंत त्याला कठोर शब्दांत खडसावतात. त्या खडसावण्याने अर्जुन उठत नाही! तो पुन्हा आपली व्यथा सांगतो, आपण गोंधळलो आहोत असे कबूल करतो, शिकवा असे म्हणतो आणि शांत होतो. खरा उपदेश सुरू होतो तो त्यानंतर. आणि अठराव्या अध्यायात सारे सांगून झाल्यावर भगवंत निर्णय अर्जुनावरच सोपवतात: नीट विचार कर आणि तुला योग्य वाटेल ते कर. साक्षात योगेश्वराने जेथे आधी ऐकून घेतले आणि शेवटी निवड शिष्यावर सोडली, तेथे आपण वडीलधारी मंडळी पहिल्या वाक्यापासून उपदेशाला सुरुवात करतो.

मानसशास्त्र आणि राष्ट्रकार्य यांत विरोध नाही, हे तर महाराष्ट्रात साठ वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. पुण्यात १९६२ साली ज्ञान प्रबोधिनीची स्थापना करणारे डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे हे मानसशास्त्राचे अभ्यासक होते आणि देशासाठी नेतृत्व घडविण्याच्या त्या प्रयोगाचा पाया त्यांनी मानसशास्त्रावरच रचला. आणि शाखेवर दोन दिवस न आलेल्या स्वयंसेवकाच्या घरी गटनायकाने जाऊन यावे, ही संघकार्यातील पद्धत तरी काय आहे? सर्वांसाठीच्या बौद्धिकाने जे साधत नाही, ते एकट्याला भेटून साधते, हे जाणून घातलेली ती रीत आहे. फक्त एवढे ओळखावे लागेल की तेथे जिव्हाळा पुरतो, पण शाळेतील दुःखी मुलासमोर जिव्हाळ्याच्या जोडीला प्रशिक्षणही लागते. निवृत्त शिक्षक, गृहिणी, तरुण पदवीधर यांच्यातून उत्तम समुपदेशक घडू शकतात. मात्र त्यांच्यावर अनुभवी मानसशास्त्रज्ञाची नियमित देखरेख हवी. सदिच्छा आहे म्हणून उद्यापासून खुर्ची मांडून बसणे, हे मुलाच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

धोका कोठे असतो, तेही कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे. मूल 'जगून काय करू' अशा अर्थाचे बोलू लागले, स्वतःला इजा करू लागले, आठवडेच्या आठवडे झोप-भूक हरपली, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर ते काम शालेय समुपदेशकाचे नाही. त्याने मुलाला एकटे न सोडता त्याच दिवशी पालकांना विश्वासात घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचवले पाहिजे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून त्यासाठीच आहे. तो प्रत्येक शाळेच्या फलकावर आणि घराच्या भिंतीवर असावा. मुलाने सांगितलेले गुपित राखणे हा या कामाचा प्राण आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. मुलाच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर गुपित राहत नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या नावलौकिकासाठी ते दडपणे हा गुन्हा आहे. हे सारे मुलाला पहिल्याच भेटीत त्याला कळेल अशा भाषेत सांगून ठेवायचे असते.

काही बाबी फार लहान, पण त्यांवर सारे अवलंबून. समुपदेशनाची खोली मुख्याध्यापकांच्या दालनाला लागून नसावी. शिपायाने भर वर्गात येऊन नाव पुकारून मुलाला नेऊ नये. त्याच दिवशी त्याला टोपणनाव पडते. आणि भेटीसाठी खेळाचा तास कापू नये. वेळापत्रकात सर्वांत निरुपयोगी म्हणून शाळेला तोच दिसतो, परंतु खचलेल्या मुलाला दिवसभरात आवडणारा कदाचित तेवढाच तास असतो.

आकडेमोड करून पाहिली तरी हे काम आवाक्याबाहेरचे वाटत नाही. एक हजार मुलांच्या शाळेत वर्षभरात पन्नास मुलांना अशी गरज पडली आणि प्रत्येकाच्या पाच भेटी धरल्या तर २५० तासिका होतात. शाळेचे कामाचे दिवस सुमारे २२० धरले तर रोज एक तासिका, फार तर दोन. अनुदानित शाळांच्या संचमान्यतेत समुपदेशकाचे पद नसते, ही संस्थांची तक्रार खरी आहे आणि शासनाने ती दूर केली पाहिजे. परंतु तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, अशी किमान व्यवस्था सुचवली होती. त्यानंतर जवळपास सहा दशके गेली. दहा शाळांना प्रत्येकी आठवड्यातून अर्धा दिवस दिला तर एका माणसाचे पाच दिवस भरतात आणि सहावा दिवस नोंदींसाठी व पालकांच्या भेटींसाठी उरतो. एकेका संस्थेच्या पाच-दहा शाखा असलेल्या नाशिकला हे गणित समजावून सांगावे लागू नये. स्नेहसंमेलनाच्या मांडवावर आणि ध्वनिक्षेपकावर होणारा खर्च पाहिला, तर पैशाचे कारण फारसे टिकत नाही.

मात्र ज्यांची सर्वांत आधी आठवण व्हावी, ती मुले नाशिक शहरात नाहीत. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्ये आहे आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत आश्रमशाळा आहेत. सहा-सात वर्षांचे वनवासी मूल आईचे बोट सोडून तेथे येते. घरी ते कोकणा किंवा वारली बोलते. शाळेत त्याच्यावर पुस्तकी मराठी कोसळते. दिवाळीच्या सुट्टीनंतर काही मुले परतच येत नाहीत. कागदावर त्यांची 'गळती' अशी नोंद होते. शहरातील पालक निदान मुलाला घेऊन दवाखान्यात जाऊ शकतो. या मुलाजवळ रात्री उशाशी बसणारे कोणी नसते आणि अधीक्षक एकटा कोठे कोठे पुरणार? वनवासी क्षेत्रात वसतिगृहे चालविणाऱ्या कार्यकर्त्यांना हे दुःख पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. न्यायालयाच्या सूचनेची अंमलबजावणी करताना आयुक्तालयाने पदवीचे कागद पाहावेत, तसेच उमेदवाराला मुलांची बोली येते की नाही हेही पाहावे. त्याच पाड्यांवरचे पदवीधर तरुण-तरुणी आता उपलब्ध आहेत. त्यांना प्रशिक्षण देऊन, सुट्टी संपून मुले परतण्याच्या आठवड्यात ते आश्रमशाळेत हजर राहतील एवढी व्यवस्था येत्या दिवाळीच्या आत करता येईल.